फॉक्स भगिनी

फॉक्स भगिनी : (मार्गारेट : सु. १८३३–८ मार्च १८९३. केट : सु. १८३७–२ जुलै १८९२). अमेरिकेतील परलोकविद्येच्या चळवळीस प्रारंभ करून देणाऱ्या दोन बहिणी. न्यूयॉर्क राज्यातील हाइड्झव्हिल या खेड्यात त्यांचे कुटुंब राहत असे. मार्च १८४८ मध्ये तेथे रात्री ठोक्यांसारखे आवाज येऊ लागले. ३१ मार्च रोजी मुलींनी वाजविलेल्या चुटक्यांना तितक्याच ठोक्यांनी प्रतिसाद मिळाला आणि त्या घरात मारल्या गेलेल्या फेरीवाल्याचा आत्मा बोलतो, असा समज पसरला.

वयाने बरीच मोठी असलेली बहीण लीआ हिने या दोघींचे प्रयोग रॉचेस्टर येथे सुरू केले. १४ नोव्हेंबर १८४९ रोजी तेथील कॉरिंथियन सभागृहात सशुल्क जाहीर प्रयोग झाला. त्या काळी बालमृत्यूंचे प्रमाण मोठे असल्याने मृत आप्तांच्या संदेशासाठी आतुर असलेल्यांची वाण नव्हती. पुत्रशोकात असलेले वृत्तपत्र-संपादक हॉरिस ग्रीली यांनी केटला काही काळ आपल्या घरी ठेवून घेतले. १८५१ मध्ये बफालो येथील तीन वैद्यांनी, हे आवाज गुडघ्याच्या सांध्यांतून निघतात, असा निष्कर्ष काढला. पाय विशिष्ट स्थितीत ठेवले असता ठोके थांबत. तथापि लोकांची श्रद्धा ओसरली नाही.

प्रौढपणी दोघीही मद्यासक्त झाल्या. २१ ऑक्टोबर १८८८ रोजी न्यूयॉर्क येथे केटच्या उपस्थितीत मार्गारेटने पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखविले. आईला घाबरविण्यासाठी केलेल्या खोडीतून हे सारे उद्भवले आणि पुढे लीआने आपला वापर केला, असे तिचे म्हणणे होते. १८८९ मध्ये तिने हा कबुलीजबाब मागे घेतला. दोघीही दारिद्र्यातच निधन पावल्या.

कबुलीजबाबासाठी तिला पैसे मिळाले होते व तो तिने नंतर नाकारला, म्हणून केवळ त्यावर विसंबता येत नाही; वैद्यांचे निरीक्षण मात्र त्याहून स्वतंत्र आहे. किशोरवयीनांच्या गूढविद्येविषयीच्या ओढीचा विचार सामान्यतः त्यांच्या मनोदोषाच्या अंगाने केला जातो. या प्रकरणात प्रौढांचा वाटा अधिक निर्णायक ठरला. मुलींचा खेळ मुलींनीच सोडून दिला असता. परंतु शोकाकुलांची गरज व आप्तांचा अर्थलाभ यांमुळे तो त्यांचा चरितार्थ बनला आणि त्यातून परतण्याची वाट त्यांना उरली नाही.