छतावर सोलर असूनही लाईट गेल्यावर घरात अंधार का?

कडक ऊन आहे, छतावर ३ किलोवॉटचे सोलर पॅनल आहेत आणि भर दुपारी लाईट जाते. शेजाऱ्यांसोबत या घरातला पंखाही थांबतो. सोलर बसवणाऱ्या अनेकांना पहिला धक्का इथेच बसतो. पण बिघाड काहीच झालेला नसतो. यंत्रणा बनवलेलीच तशी असते.

सिलिकॉनच्या पॅनलवर ऊन पडलं की डीसी वीज तयार होते आणि घरातली उपकरणं चालतात एसी विजेवर. हा बदल इन्व्हर्टर करतो. पण हा इन्व्हर्टर म्हणजे घरात बॅटरीसोबत ठेवलेला असतो तो नव्हे. हा 'ऑन-ग्रिड' इन्व्हर्टर बाहेरून येणाऱ्या विजेशी जुळवून घेऊन चालतो. ती वीज गेली की काही क्षणांत तो स्वतःच बंद होतो. याला 'अँटी-आयलँडिंग' म्हणतात.

हा प्रश्न थेट जिवाशी संबंधित आहे. लाईन बंद करून वायरमन खांबावर चढलाय आणि एखाद्या छतावरून त्याच तारेत वीज आली, तर त्याचा जीव जाऊ शकतो. त्यापुढे दुपारचा बंद पंखा काहीच नाही.

मग ३०० युनिट 'मोफत' कसे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने १ कोटी घरांसाठी 'पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना' सुरू केली. नावामुळे सरकारच दर महिन्याला ३०० युनिट फुकट देतं, असा अनेकांचा समज होतो. सरकार देतं ते अनुदान: १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये. तेही पॅनल भारतीय बनावटीचे असतील तरच. युनिट मात्र तुमच्या छतानेच तयार करायचे असतात. १ किलोवॉटपासून दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात त्याहून कमी.

पण ऊन असतं दुपारी आणि घरात विजेचा वापर वाढतो रात्री. हा मेळ नेट मीटर घालतो. दिवसा जास्तीची वीज महावितरणच्या लाईनमध्ये जाते, रात्री तिथूनच घेतली जाते आणि बिल फरकाचं येतं. म्हणजे बॅटरीचं काम लाईनच करते. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि ३१ मार्चला हिशेब मिटतो. तेव्हा शिल्लक युनिटला मिळणारा दर तुम्ही विजेला मोजता त्यापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे 'मोठी सिस्टीम बसवा आणि कमवा' असं कोणी सांगत असेल, तर आधी स्वतः गणित करून बघा. आणि हो, युनिट शून्य झाले तरी बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना स्वतःचं छत नसतं. पण सोसायटीला लिफ्ट, पंप अशा सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये अनुदान मिळू शकतं.

जिथे लाईट वारंवार जाते, तिथे 'हायब्रिड' इन्व्हर्टर आणि बॅटरी हा पर्याय आहे. लाईट गेल्यावर तो बाहेरची लाईन तोडतो आणि फक्त घराला वीज देतो. बॅटरीसाठी मात्र या योजनेत वेगळं अनुदान नाही, तो खर्च खिशातूनच. कोटेशनवर सही करण्याआधी इन्व्हर्टर ऑन-ग्रिड आहे की हायब्रिड, एवढं विचारून घ्या. नंतर बॅटरी जोडायची ठरवलं, तर बहुतेकदा इन्व्हर्टरच बदलावा लागतो.