सी क्लाउड

सी क्लाउड : चार डोलकाठ्यांचे, बार्क प्रकारचे शिडाचे प्रवासी जहाज. १९३१ मध्ये एका अमेरिकी धनाढ्य दांपत्याची खाजगी याट म्हणून ते बांधले गेले. महायुद्धात त्याने हवामान-जहाजाचे काम केले, पुढे ते एका हुकूमशहाच्या दिमतीला राहिले आणि १९७९ पासून पर्यटकांना घेऊन फिरत आहे. लांबी सु. ११० मी.; शिडांचे एकूण क्षेत्रफळ सु. ३,००० चौ. मी.

जर्मनीतील कील येथील क्रुप कंपनीच्या गोदीत २५ एप्रिल १९३१ रोजी त्याचे जलावतरण झाले. शेअर दलाल एडवर्ड हटन आणि त्याची पत्नी मार्जोरी मेरीवेदर पोस्ट हे त्याचे मालक. पोस्ट हिला न्याहारीच्या तयार धान्यपदार्थांचा वडिलोपार्जित उद्योग वारशाने मिळाला होता. जहाजाचे पहिले नाव ‘हुसार’. त्या काळी एवढी मोठी खाजगी शिडाची याट जगात दुसरी नव्हती. अंतर्भागाची आखणी मार्जोरीने स्वतः केली. त्यासाठी तिने ब्रुकलिनमध्ये एक गोदाम भाड्याने घेतले, खोल्यांचे आराखडे खऱ्या मापात जमिनीवर आखून घेतले आणि जुन्या दुर्मीळ वस्तूंपैकी कोणती कुठे शोभेल हे तिथेच मांडून पाहिले. तिच्या दालनातली संगमरवरी शेकोटी आणि स्नानगृहातले सोनेरी हंसाकृती नळ आजही जागेवर आहेत.

१९३५ मध्ये घटस्फोट झाला, जहाज मार्जोरीकडे राहिले आणि तिने त्याला आजचे नाव दिले. तिचा नवा पती जोसेफ डेव्हिस पुढे सोव्हिएट संघात अमेरिकेचा राजदूत झाला, तेव्हा जहाज लेनिनग्राडला नांगरलेले असे. राजनैतिक मेजवान्यांना याहून ऐसपैस जागा मिळणे कठीण होते.

जानेवारी १९४२ मध्ये ते वर्षाला एक डॉलर नाममात्र भाड्याने अमेरिकी तटरक्षक दलाकडे गेले. डोलकाठ्या उतरवल्या, पांढऱ्या अंगावर करडा रंग चढला, तोफा बसल्या. उत्तर अटलांटिकमध्ये ठरलेल्या ठिकाणी थांबून हवामानाची निरीक्षणे कळवणे हे त्याचे काम. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सोनेरी नळांपुढे या पर्वाला फारशी जागा मिळत नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र जहाजाची खरी कामगिरी हीच. त्या काळी लष्करी जहाजांवर कृष्णवर्णीयांना बहुतेक करून वाढपी आणि खानसाम्याच्या कामापुरतेच ठेवत. आधीच्या एका जहाजावर इंजिनाच्या कामात तरबेज असलेल्या कृष्णवर्णीय खलाशाला केवळ वर्णामुळे बढती नाकारली गेल्याचे कार्लटन स्किनर या तरुण अधिकाऱ्याने पाहिले होते. गोरे आणि कृष्णवर्णीय खलाशी एकत्र घेऊन एक जहाज चालवून पाहावे, असा प्रस्ताव त्याने वरिष्ठांपुढे मांडला. १९४३ च्या अखेरीस ‘सी क्लाउड’ची सूत्रे त्याच्या हाती आली. सु. ५० कृष्णवर्णीय खलाशी आणि काही कृष्णवर्णीय अधिकारी गोऱ्यांच्या बरोबरीने पाळ्या करू लागले, राहणे-जेवणही एकत्रच. जहाज नेहमीच्या तपासण्यांत चोख उतरले आणि वेगळा बोभाटा झाला नाही. सैन्यदलांतील वर्णभेद संपवणारा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश १९४८ चा; म्हणजे हा प्रयोग त्याच्या आधीचा. चित्रकार जेकब लॉरेन्स याच जहाजावर खलाशी होता आणि तिथले जीवन त्याने चित्रांत उतरवले. स्किनर पुढे ग्वामचा पहिला नागरी राज्यपाल झाला.

युद्धानंतर डोलकाठ्या पुन्हा उभ्या राहिल्या, पण एवढा बारदाना पोसणे मालकिणीलाही जड जाऊ लागले. १९५५ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा राफाएल त्रुहियो याने व्हायकाउंट जातीच्या विमानाच्या बदल्यात ते घेतले आणि मुलीच्या नावावरून त्याचे नाव ‘आन्हेलिता’ ठेवले. त्याचा मुलगा रामफिस याने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्यावर दिलेल्या पार्ट्यांची अमेरिकी वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली. मे १९६१ मध्ये त्रुहियोची हत्या झाली. त्याचे शव आणि मोठी रोकड घेऊन जहाज युरोपकडे निघाले होते आणि वाटेतून परत बोलावले गेले, असे सांगतात. नव्या राजवटीत त्याचे ‘पात्रिया’ झाले, १९६६ नंतरच्या अमेरिकी मालकांकडे ‘अंतार्ना’. पुढे पनामातल्या कोलोन बंदरात ते वर्षानुवर्षे उष्ण, दमट हवेत पडून होते.

जर्मन कप्तान हार्टमुट पाशबुर्ग आणि हॅम्बर्गच्या काही व्यावसायिकांनी १९७८ मध्ये ते विकत घेतले, तिथल्या तिथे अटलांटिक ओलांडण्याजोगे केले आणि हॅम्बर्गला आणले. मोठी डागडुजी मात्र कीललाच झाली. जुने ‘सी क्लाउड’ हेच नाव पुन्हा देऊन १९७९ मध्ये प्रवासी सफरी सुरू झाल्या. प्रवासी जेमतेम ६४ आणि कर्मचारी जवळजवळ तितकेच, म्हणून भाडे चढे. इंजिने आहेत, तरी वारा अनुकूल असला की शिडांवरच जहाज चालवतात. शिडे सोडण्या-गुंडाळण्यासाठी यंत्र नाही. खलाशी डोलकाठ्यांवर चढतात, आडव्या काठ्यांखालच्या दोरावर पाय रोवतात आणि कापड हातांनी ओढून बांधतात. या कामामुळेच कर्मचाऱ्यांची संख्या कमी करता येत नाही. शिवाय हेच पाहायला प्रवासी डेकवर गर्दी करतात. ते सहसा उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात आणि हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये असते. हे जहाज चालवणाऱ्या कंपनीचीच ‘सी क्लाउड २’ (२००१) आणि ‘सी क्लाउड स्पिरिट’ (२०२१) ही तीन डोलकाठ्यांची जहाजे मुळातच प्रवासी सफरींसाठी बांधलेली आहेत.