छळप्रतिबंध (सोलापूर)

छळप्रतिबंध : कबुलीजबाब मिळविण्यासाठी, शिक्षा म्हणून किंवा दहशत बसविण्यासाठी सरकारी अंमलदाराने, अथवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, हेतुपुरस्सर दिलेल्या तीव्र शारीरिक वा मानसिक यातनांना आळा घालण्याचे जे बंधन संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या अभिसंधीने राष्ट्रांवर घातले, त्याचे पालन. भारताने या अभिसंधीवर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वाक्षरी केली. अनुसमर्थन मात्र अद्याप केलेले नाही.

सोलापुरात या बंधनाची कसोटी अधिक कठोर ठरते, कारण गुन्हा घडण्यापूर्वीच गुन्हेगार ठरविण्याची रीत या शहरात एके काळी रीतसर सरकारी खाते म्हणून नांदली. गुन्हेगार जमाती कायद्यान्वये पारधी, कैकाडी, भामटे इत्यादी जमातींची कुटुंबे येथील सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आली. परवान्यावाचून त्यांना बाहेर पडण्याची मुभा नसे, हजेरी चुकल्यास सजा होई, आणि त्यांतील कित्येकांच्या श्रमांवर गावच्या कापडगिरण्यांचे मागही चालत. मुंबई राज्याने १९४९ मध्ये व केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. तथापि १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला, आणि जमातीवरचा शिक्का कागदावरून पुसला गेला तरी पोलीस ठाण्याच्या मनातून तो पुरता गेला नाही. सेटलमेंट फ्री कॉलनी ही वस्ती शहरात आजही आहे.

अभिसंधीला अनुरूप असा स्वतंत्र कायदा नसल्याने संरक्षणाची सारी भिस्त विखुरलेल्या तरतुदींवर आहे. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून अग्राह्य मानण्याचे तत्त्व निदान १८७२ च्या पुरावा कायद्याइतके जुने आहे, आणि वसाहतीच्या सरकारलाही आपल्या शिपायांचा भरवसा नव्हता, याची ती कबुलीच म्हणावी लागेल. डी. के. बसू खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या ज्ञापनावर साक्षीदाराची सही घेणे, आप्तांना खबर देणे आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक केले. कोठडीत मृत्यू झाल्यास राष्ट्रीय मानवी हक्क आयोगास २४ तासांत वर्दी पाठविण्याचा आदेश जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांना आहे. कबुलीसाठी इजा करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० नुसार सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु हे कलम इजेपुरतेच बोलते. रात्रभर उभे करणे, झोप न देणे, बायकापोरांना धमकावणे अशा, अंगावर वळ न ठेवणाऱ्या छळास ते कितपत लागू पडेल, हा वादाचा प्रश्न आहे.

लोकसभेने मे २०१० मध्ये मंजूर केलेले छळप्रतिबंधक विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस करून नवा मसुदाही जोडला; त्याचाही कायदा झाला नाही. परदेशी आश्रय घेतलेल्या आरोपीचे प्रत्यर्पण मागताना हीच उणीव भारताला नडते, हे शासनास ठाऊक असूनही हा विलंब चालू आहे.

या पोकळीचा प्रत्यय महाराष्ट्राला डिसेंबर २०२४ मध्ये परभणी येथील न्यायालयीन कोठडीतील मृत्यूने आला. न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी पूर्ण होऊनही गुन्हा नोंदला गेला नाही. तो नोंदवावा म्हणून मृताच्या मातेला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले, आणि जुलै २०२५ मध्ये त्या खंडपीठाने दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. अशी चौकशी संपल्यावर पुढे कोणी काय करावे, याविषयी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये स्पष्ट तरतूद नाही.