शिळेवरची अट आणि यंत्रावरचा परवाना

लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृहावर एक त्रोटक लेख कोरलेला आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, एवढाच त्याचा आशय. त्यात अट कसलीच नाही.

नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख मात्र निराळ्या जातीचा. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण असे व्याज. मुद्दल परत मिळायचे नाही, व्याज मात्र भिक्षूंसाठी खर्चायचे. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवला गेला. कोणी, कोणास, कशासाठी आणि कोणत्या अटींवर, या चार प्रश्नांची उत्तरे शिळेवर आहेत.

आज संगणकाच्या परवान्यातही हेच प्रश्न असतात. पूर्वी आज्ञावली बहुधा यंत्राबरोबरच मिळे. २३ जून १९६९ रोजी आय. बी. एम. कंपनीने त्यांची किंमत वेगळी लावण्याचे जाहीर केले आणि या धंद्याने जोर धरला. विकत घेतलेले संशोधनाचे साधन बसवताना विक्रेता एक लहानशी फाईल धाडतो. तीत साधनाचे नाव, आवृत्ती, मुदत, एका वेळी किती जणांनी वापरावे ती संख्या, यंत्राचा ओळखक्रमांक आणि शेवटी सांकेतिक सही असते. ती कोठे ठेवली ते यंत्राला सांगावे लागते. मग काळ्या पडद्यावर आज्ञा टंकली की साधन आधी परवाना तपासते. एक अक्षर बदलले तर सही जुळत नाही. मुदत सरली की साधन मुके होते.

आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिची निरीक्षणे उलगडण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ एप्स व कासा ही आज्ञेवर चालणारी अमेरिकन साधने वापरतात. ती मुक्त परवान्याची आहेत. म्हणून दुसऱ्या देशातला अभ्यासकही तेच गणित पुन्हा करून निष्कर्ष पडताळू शकतो.

म्हणून विकाऊ परवान्याला मी पाप म्हणणार नाही. मी कादंबऱ्या लिहितो. हक्काच्या मोबदल्याला नावे ठेवणे मला शोभणार नाही. शिवाय १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाची आज्ञावलीही 'साहित्यकृती' ठरली, तेव्हा कायद्याने आम्हाला एकाच पंगतीला बसवले आहे. फरक एवढाच, की विकत घेतलेली कादंबरी ठरल्या तारखेला आपोआप मिटत नाही.

तेव्हा परवाना घेणाऱ्या संस्थेने उषवदाताचा धडा गिरवावा. साधनाची आवृत्ती, मुदत आणि अटी निष्कर्षांसोबतच नोंदवाव्यात, आणि मूळ आकडे कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा साध्या स्वरूपात जपावेत. परवाना हे व्याज आहे, ते थांबू शकते. मुद्दल म्हणजे ज्ञान, ते अडकता कामा नये.