एकल जॅझ पियानोवादन

एकल जॅझ पियानोवादन : बास आणि ड्रम्सची साथ न घेता एकट्या वादकाने पियानोवर रंगवलेली जॅझची मैफल. सुरावट, स्वरमेळ आणि लय ही तिन्ही अंगे दोन हातांनीच सांभाळायची असतात. चूक झाकायला दुसरे वाद्य नसते, म्हणून जॅझमधला हा सर्वांत कठीण प्रकार मानावा लागतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत 1920 च्या दशकात जेम्स पी. जॉन्सन आणि फॅट्स वॉलर यांनी ‘स्ट्राइड’ शैली गाजवली. तीत डावा हात खालचा सूर आणि वरचा स्वरमेळ आलटून पालटून वाजवत ठेका धरतो, उजवा हात सुरावट खेळवतो. आर्ट टेटमने या शैलीला थक्क करणारी तयारी दिली. पुढच्या पिढ्यांनी डाव्या हाताला ठेक्याच्या बांधिलकीतून सोडवले. बिल एव्हन्सचा ‘अलोन’ (1970) हा अल्बम ऐकला की हा बदल कळतो.

मात्र संपूर्ण मैफलच जागेवर सुचत जावी, हे धाडस लोकप्रिय केले ते कीथ जॅरेटने. 24 जानेवारी 1975 रोजी जर्मनीतील कोलोनच्या ऑपेरागृहात त्याला मागितलेला पियानो मिळाला नाही. रंगमंचावरचा पियानो लहान आणि नादुरुस्त होता. वरचे सूर पातळ, खालचे दुबळे. जॅरेट मग बराच वेळ मधल्या सप्तकांतच राहिला आणि डाव्या हाताने छोटी आवर्तने घोळवत विस्तार करत गेला. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण, ‘द कोलोन कॉन्सर्ट’, एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या मुद्रणांपैकी एक ठरले. 2018 मधील पक्षाघातानंतर त्याचे मैफलीतील वादन थांबले. आज ही वाट ब्रॅड मेल्डाऊ, फ्रेड हर्श, क्रेग टेबॉर्न, हिरोमी आणि विजय अय्यर (‘सोलो’, 2010) चालवत आहेत.

मुंबईत हा सूर लवकर पोहोचला. अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफर्ड 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत असे. 1937 मध्ये पॅरिसला त्याची एकल पियानोची मुद्रणेही झाली. डेव्ह ब्रुबेक 1958 मध्ये मुंबईत आला आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवून गेला. 1978 पासून ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव भरू लागला. दार्जिलिंगला 1941 मध्ये जन्मलेले लुई बँक्स मुंबईत स्थिरावले आणि भारतीय जॅझ पियानोचा चेहरा झाले. तरीही मुंबईचे जॅझ मुख्यतः समूहाचेच राहिले.

समोरच्या किनाऱ्यावर, अलिबागेत, अडचण वाद्यापासूनच सुरू होते. मैफलीच्या मोठ्या पियानोचे वजन सुमारे 480 किलो, तारांवरचा एकूण ताण 18 ते 20 टन. दमट हवेत त्याची लाकडी नादफळी फुगते आणि सूर चढतात; खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात. म्हणून अलिबागच्या रसिकाला मांडव्याहून बोट धरून गेटवे आणि तिथून नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे कलाकेंद्र गाठावे लागते. तिथले टाटा थिएटर (1980) ध्वनिवर्धकाविना ऐकता यावे अशा बेताने बांधलेले आहे, आणि पियानोचा विरत जाणारा सूर ऐकायला तेच हवे. मैफल लांबली तर परतीची कॅटामरान मिळत नाही. पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी बोटी बंदच असतात.

कानाची तयारी मात्र आपल्याकडे आधीपासून आहे. पट्ट्यांच्या वाद्यावर मींड निघत नाही, तरी गोविंदराव टेंबे आणि पी. मधुकर यांनी संवादिनीच्या एकलवादनाला मान मिळवून दिला. एका छोट्या स्वरवाक्यातून बढत कशी होते, हे ज्याने त्यांच्या परंपरेत ऐकले आहे, त्याला जॅरेट परका वाटणार नाही. नवख्या श्रोत्याने ‘द कोलोन कॉन्सर्ट’चा पहिला भाग, सुमारे 26 मिनिटांचा, मध्ये न थांबता ऐकावा आणि मगच मेल्डाऊकडे वळावे.