शब्द तिचे, लेखणी दुसऱ्याची

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्य नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. त्या लढ्यात स्वतः गुलामीतून निघालेली, अक्षर नाकारली गेलेली एक बाई उभी होती, हे मात्र सांगायचे राहून जाते.

इझाबेला हे तिचे गुलामीतले नाव. जन्म सुमारे १७९७ चा, न्यूयॉर्क राज्यातला, डच बोलणाऱ्या मालकाकडे. नऊ वर्षांची असताना मेंढरांच्या कळपासकट शंभर डॉलरला ती विकली गेली. नवा मालक इंग्रजी बोलणारा. हुकूम कळला नाही की फटके. १८२६ मध्ये तान्ही मुलगी काखेला मारून ती मालकाच्या घरातून चालती झाली. मुलाला बेकायदा अलाबामात विकले होते; कोर्टाची पायरी चढून १८२८ मध्ये तिने त्याला परत मिळवले. १८४३ मध्ये तिने सोजर्नर ट्रूथ हे नाव स्वतःच घेतले. मालकाकडचे नाव टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावायला नको.

१८५१ च्या मे महिन्यात ओहायोतील अ‍ॅक्रन येथे स्त्रियांच्या परिषदेत ती बोलली. ‘मी बाई नव्हे काय?’ या सवालासाठी ते भाषण आज जगभर गाजते. पण हा सवाल छापला गेला बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, त्या परिषदेच्या अध्यक्षा फ्रान्सिस गेज यांच्या आठवणीतून. गेजबाईंनी तिच्या तोंडी दक्षिणेकडच्या गुलामांची बोली घातली. सोजर्नर उत्तरेतली, तिची पहिली भाषा डच! मुले पाच, गेजबाईंनी तेरा केली.

गेजबाई शत्रू नव्हत्या, तिच्याच बाजूच्या होत्या. पण पीडित बाईने कसे बोलावे, हे सुशिक्षितांनी आधीच ठरवलेले असते. दुसऱ्याला काय बोलू? माझ्या निरक्षर आईचे बोलणे कागदावर उतरवताना मीही कधी ते शुद्ध करतो, तर कधी अस्सल वाटावे म्हणून जरा जास्तच गावरान.

मारियस रॉबिन्सनने महिन्याभरात एका गुलामीविरोधी पत्रात छापलेला वृत्तांत आपण क्वचितच वाचतो. लेखणी तीही दुसऱ्याचीच. पण तिथे तो सवाल नाही, ती बोलीही नाही. तिथली सोजर्नर सांगते की तिने नांगरले आहे, कापणी केली आहे, पुरुषाइतके ओझे ती उचलते आणि तितकेच खाते. वाचता येत नाही, पण ऐकता येते, असेही ती बजावते.