लाल होणारी, पण न जळणारी तार

१/ १८७९ साली एडिसनचा दिवा उजळला. विजेच्या भरवशाच्या शेगडीला मात्र आणखी पाव शतक वाट पाहावी लागली. वीज होती, तिच्यापासून उष्णता मिळते हेही ठाऊक होते. नव्हती ती केवळ योग्य तार. आजचा धागा त्या तारेविषयी.

२/ वीज वाहताना तार किती तापते, याचा नियम जेम्स जूल यांनी १८४१ मध्येच मांडला होता. दिव्यातील तंतू निर्वात काचेत सुरक्षित असे. शेगडीच्या तारेला मात्र उघड्या हवेत तापावे लागे. लोखंडी तार लालबुंद झाली की प्राणवायूच्या संयोगाने तिच्यावर पापुद्रे धरत आणि गळून पडत. तार झिजत जाई, अखेर तुटे. प्लॅटिनम टिके, पण परवडत नसे.

३/ हा पेच अमेरिकेतील अल्बर्ट मार्श या धातुशास्त्रज्ञाने सोडवला. सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट त्याला ६ फेब्रुवारी १९०६ रोजी मिळाले. हीच पुढे ‘नायक्रोम’ म्हणून प्रसिद्धीस आली.

४/ नायक्रोमचा रोध तांब्याच्या साठपटीहून अधिक. त्यामुळे आटोपशीर लांबीची तारही पुरेशी तापते. खरे मर्म मात्र तिच्या पृष्ठभागावर आहे. तापताच तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि प्राणवायूला आत शिरू देत नाही. लोखंडाचा घात करणारी क्रियाच येथे कवच घडवते.

५/ उष्णता निर्माण झाली; ती मोजायची कशी? दोन भिन्न धातूंच्या सांध्यांत तापमानाचा फरक असल्यास विद्युत परिणाम घडतो, हे जर्मनीत झेबेक यांनी १८२१ मध्ये पाहिले होते. पण भट्टीत टिकणारी थर्मोकपल प्लॅटिनमचीच, म्हणजे महागडी.

६/ येथेही निकेल-क्रोमियमचे कुळ कामी आले. क्रोमेल (निकेल व क्रोमियम) आणि अल्युमेल (मुख्यतः निकेल, थोडे अॅल्युमिनियम व मँगनीज) या तारांची जोडी आज ‘के’ प्रकारचे थर्मोकपल म्हणून ओळखली जाते. दर अंश सेल्सिअसला ती सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते आणि हजार अंशांपलीकडेही काम करते.

७/ पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्झोव्ह यांनी लोह, क्रोमियम व अॅल्युमिनियम यांपासून ‘कांथल’ सिद्ध केली. तिचे कवच अॅल्युमिनियम ऑक्साइडचे. म्हणून ती नायक्रोमहूनही अधिक उष्णता सोसते.

८/ एडिसनचे नाव शाळकरी मुलांनाही पाठ असते. मार्शचे क्वचितच कोणी ऐकलेले असते. टोस्टरमध्ये पाव भाजताना आत जी तार लाल होते आणि तरीही उरते, तिच्यामागे त्याचे हे काम आहे.